बारावी पिशवी

मी तिसऱ्यांदा मोजलं. अकराच.

चाळीस फूट लांबीच्या टेबलाच्या कडेला शिशाच्या पिशव्या मी ओळीने मांडल्या होत्या. मुठीएवढी एकेक खाकी पिशवी, आत छर्रे भरलेले. पॅराशूटची घडी घालताना नायलॉन हातातून सुळकन निसटतं, म्हणून प्रत्येक घडीवर एक पिशवी ठेवायची आणि पुढची घडी बसली की मागची उचलायची. शेवटी घड्यांचं पाकीट आवळून झालं की पिशव्या मोजायच्या. बारा भरल्या तरच त्या पॅराशूटच्या कार्डावर सही. आमच्या शाखेत याहून मोठा नियम नव्हता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बलबीर कौर होती. माझ्याबरोबरीने सहा वर्षं घड्या घालणारी, बडीशेप चघळत गाणी गुणगुणणारी बाई. ती हसून म्हणाली की साळोख्यांनीच नेली असणार, आणखी कोण नेणार. मी हसले नाही, पण माझ्याही मनात तेच आलं होतं.

हे अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतलं. उत्तरेकडच्या एका विमानतळाला लागून आमची पॅराशूट शाखा होती. गावाचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. माझे यजमान तिथेच भांडारात नोकरीला होते. मी बार्शीच्या शिंप्याची मुलगी, हातात सुई धरूनच वाढलेली. घड्या घालायला आणि शिवायला बायका हव्यात असं कळलं तेव्हा परीक्षेला बसले आणि पहिली आले. दुकान बंद करताना वडील रोज सुया मोजत. एक जरी कमी भरली तरी आम्हा सगळ्यांना जमिनीवर हात फिरवत बसवत, कारण दुसऱ्या दिवशी तिथेच अनवाणी गिऱ्हाईक येऊन बसायचं. मोजणं माझ्या अंगातच होतं. म्हणून तर त्या सकाळी मी जे केलं ते मला आजही माझंच वाटत नाही.

नायब सुभेदार विश्वास साळोखे कागलचे. चौतिशीचे, सडसडीत, सहाशेच्या वर उड्या मारलेले. त्यांना एक खोड होती. उडी मारायच्या दिवशी सकाळी ते चहाचा पेला घेऊन आमच्याकडे यायचे, टेबलाला टेकून गप्पा मारायचे आणि जाताना माझी एक वस्तू गुपचूप उचलायचे. कधी खडू, कधी रीळ, एकदा चक्क माझा चष्मा. उतरल्यावर वस्तू आणून जागेवर ठेवायचे. एका उडीला एकच वस्तू, ही त्यांची शिस्त. मी एकदा चिडून विचारलं तेव्हा म्हणाले होते, "दुसऱ्याची वस्तू जवळ असली की माणूस परत येतोय, बाई. द्यायची राहिली असती न्हवं."

वेडेपणाच, पण आम्ही सगळ्यांनी तो लाडाने चालवून घेतला होता. मी तर जास्तच. खरं सांगायचं तर ते माझी वस्तू नेतात याचा मला अभिमान वाटायचा.

नोव्हेंबरात त्यांनी शिशाची पिशवी नेली. मोजणीत अकरा भरल्या, मी आरडाओरडा केला, दोन तास खपून बांधलेलं पाकीट सोडलं, उडी रद्द करायला लावली. सगळं खोलून झाल्यावर साळोख्यांनी मांडीवरच्या खिशातून पिशवी काढून टेबलावर ठेवली. सगळी शाखा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून धुकं पडलं आणि उडी नऊ दिवस लांबली. मेजर टिपणीस आमचे प्रमुख. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून सुनावलं. साळोख्यांना सहा वर्षं ओळखता, तरी इतकंही कळू नये? साळोख्यांना ते काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर आणखी दोन वेळा पिशवीच गेली. दोन्ही वेळा मी गप्प राहून सही केली आणि दोन्ही वेळा पिशवी खिशातून परत आली. सवय अशीच लागते.

आणि आजची उडी साधी नव्हती. तेहतीस हजार फुटांवरून उडी मारून एकोणतीस हजार फूट नुसतं पडायचं होतं, पॅराशूट न उघडता. एवढ्या उंचीवर वैमानिकाला विमान सोडावं लागलं आणि त्याने लगेच पॅराशूट उघडलं, तर तो विरळ हवेत लोंबकळत गारठून मरेल. त्यापेक्षा दगडासारखं पडून लवकर दाट हवेत यावं, हे सिद्ध करायचं होतं. आधी पुतळे टाकून झाले होते, मग पंचवीस हजारांवरून माणसं. तेहतीस हजारांवरून आमच्याकडे कुणी पडलं नव्हतं. वर थंडी उणे पन्नास, ऑक्सिजनशिवाय शुद्ध मिनिटभरही टिकत नाही, आणि पडण्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर. शुद्ध गेलीच तर म्हणून पाठीवरच्या मोठ्या पॅराशूटला एक यंत्र जोडलेलं होतं. चार हजार फुटांवर ते आपोआप उघडायचं. छातीवर एक लहान राखीव पॅराशूट, ते मात्र हाताने ओढायचं. दोन्ही मीच बांधलेली. राखीव आदल्या दिवशी बांधलं तेव्हा पिशव्या बारा भरल्या होत्या.

सकाळी साळोखे चहा घेऊन आले तेव्हा नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. भीती वाटली की ते बोलायचे. मुलीला कागलच्या शाळेत घातल्याचं सांगितलं. मग टेबलावर कोपर टेकून म्हणाले, "आज काय न्यावं म्हंतो तुमचं?"

"काय न्यायचं ते न्या, पण जागेवर आणून ठेवा," मी म्हणाले. "गेल्या खेपेला माझी कात्री दोन दिवस सापडत नव्हती."

"आणतो की. न्हाई आणलं तर तुमी वरपर्यंत मागं येशीला."

ते गेले, आम्ही पाकीट आवळलं, आणि पिशव्या अकरा भरल्या. दारात मेजर टिपणीस घड्याळ बघत उभे होते. विमानाची इंजिनं चालू झाली होती, दुपारनंतर ढग येणार होते. पाकीट सोडायचं तर पुन्हा दोन तास. मी दौतीत टाक बुडवला आणि कार्डावर सही केली. पिशव्यांच्या रकान्यात बारा लिहिलं.

साळोख्यांनी पाकीट पाठीवर चढवलं, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि गेले. बलबीर बाहेर मैदानाकडे निघाली. मी एकटी मागे राहिले, कारण विमान उडाल्याची वेळ नोंदवहीत टिपायची होती. त्यासाठी दाराजवळच्या वहीत एक जांभळी पेन्सिल कायम ठेवलेली असायची, टोक ओलं करून लिहिलं की अक्षर पुसत नाही तसली. विमान डोक्यावरून गेलं, मी वही उघडली.

पेन्सिल नव्हती.

मी वही झटकली. खाली वाकून पाहिलं. मग तशीच वाकलेली राहिले. एका उडीला एकच वस्तू. पेन्सिल त्यांनी नेली असेल तर बारावी पिशवी त्यांनी नेलेली नव्हती. मग ती एकाच ठिकाणी असणार होती, त्यांच्या पाठीवरच्या पाकिटात.

इथून पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते. मी तडक धावत सुटायला हवं होतं. विमानाला तेवढ्या उंचीवर चढायला पाऊण तास लागणार होता, भरपूर वेळ होता. पण मी खण उघडत बसले. टेबलाखाली रांगले. झाडूने कोपरे काढले. पेन्सिल बलबीरने घेतली असेल, ती आली की विचारू, असं स्वतःला समजावत राहिले. पुन्हा सगळ्यांसमोर हसं होईल याची भीती वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती त्या बारा आकड्याची होती. माझ्या मनाला कळून चुकलं होतं, फक्त पाय ऐकत नव्हते. चाळीस मिनिटं गेली.

बलबीर आली. पेन्सिल तिने पाहिलीसुद्धा नव्हती. माझा चेहरा बघून तिच्या हातातली बडीशेप सांडली.

मी मैदानापर्यंत धावले. मेजर टिपणीस बिनतारी यंत्रापाशी दुर्बीण गळ्यात घालून उभे होते.

"सर, पिशव्या अकरा होत्या. मी बारा लिहून सही केली."

त्यांना आधी समजलं नाही. साळोख्यांनी नेली असेल, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मी म्हणाले, त्यांनी पेन्सिल नेली आहे. तेव्हा मात्र त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते सरळ यंत्राकडे वळले.

विमानात साळोख्यांना दारातून सोडायला हवालदार नायर होता. त्याचा आवाज खरखरत आला. साळोख्यांनी दोनच मिनिटांपूर्वी विमानाच्या ऑक्सिजनची नळी सोडून स्वतःची लहान बाटली लावली होती. मेजरांनी ती नळी परत जोडून त्यांना खाली आणायला सांगितलं. आम्ही वाट पाहिली. नायर म्हणाला की जोडाच्या तोंडात बर्फ धरलंय, नळी बसत नाही. आणखी एकदा प्रयत्न केला. बसत नाही. बाटलीत पाच मिनिटांचा ऑक्सिजन होता आणि श्वास घेता येईल इतकं खाली यायला विमानाला दहा मिनिटं लागणार होती.

खाली यायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे पडणं. आणि पाठीवर माझं पॅराशूट.

मी पाच मिनिटं आधी बोलले असते तर साळोखे विमानाच्याच नळीवर असते आणि बसल्या बसल्या खाली आले असते. हे मला त्याच क्षणी कळलं. कुणी सांगावं लागलं नाही.

साळोख्यांच्या मुखवट्यात बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे वर त्यांच्याशी बोलता येत नव्हतं. नायर पाटीवर लिहून दाखवायचा. काय लिहायचं, असं त्याने विचारलं. मेजर शब्द शोधत होते. मी म्हणाले, "एवढंच लिहायला सांगा. बाईंची पेन्सिल नाही, पिशव्या अकरा."

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं आणि तसंच सांगितलं.

बराच वेळ नुसती खरखर. मग नायर बोलला, हळू आवाजात. साळोख्यांनी पाटी वाचली. मांडीवरचा खिसा चाचपला. मग मोठ्या पॅराशूटच्या यंत्राची कळ फिरवून बंद केली, बंद केल्याचं नायरला बोटाने दाखवलं, आणि गेले.

"कळ बंद केली म्हणजे?" बलबीरने मला हिंदीत विचारलं. मेजरांनीच उत्तर दिलं, स्वतःशी बोलल्यासारखं. मोठं आता उघडणार नाही. ते गुंतलेलं उघडलं असतं तर राखीवलाही घेऊन बसलं असतं. आता फक्त राखीव, तेही हाताने. वाटेत शुद्ध गेली तर काहीच उघडणार नाही.

आकाश स्वच्छ निळं होतं आणि त्यात काहीही दिसत नव्हतं. मेजरांच्या हातातलं घड्याळ टिकटिकत होतं. मी त्या निळ्यात बघत होते आणि मनात पिशव्या मोजत होते. अकरापर्यंत यायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. एक मिनिट. दीड. मग मेजर म्हणाले, दिसला. मला नंतर दिसला, डोळ्यात कुसळ गेल्यासारखा एक काळा ठिपका. तो हलताना दिसत नव्हता, नुसता मोठा होत होता.

"चार हजार," मेजर म्हणाले.

इथे पांढरं फूल उमलायचं. दरवेळी इथेच उमलायचं आणि मी रोखलेला श्वास सोडायचे. ठिपक्याला हातपाय फुटले. काही उमललं नाही.

"तीन."

बलबीर वाहेगुरू म्हणू लागली.

"दोन," असं म्हणून मेजरांनी दुर्बीण खाली केली. त्यांना बघायचं नव्हतं. मी मात्र डोळे मिटले नाहीत. ज्याने केलं त्याने बघितलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. साळोखे पाठीवर उलटले, दोन्ही हात छातीवर कशाशी तरी झोंबत होते. आणि झाडांच्या शेंड्यांच्या थोडं वर, अगदी थोडं वर, रुमालाएवढं पांढरं काहीतरी फडफडलं, फुगलं, आणि लगेच शेतात उतरलं.

आम्ही जीपने गेलो. मोहरीच्या पिवळ्या शेतात साळोखे बसले होते. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, उजवा पाय घोट्याखाली वाकडा. बोटं इतकी बधिर झाली होती की राखीवची मूठ त्यांना दोन्ही मनगटांत धरून ओढावी लागली होती, हे त्यांनी डॉक्टरला नंतर सांगितलं. आम्हाला ते एकच वाक्य बोलले.

"पाठीवरचं कुणी उघडू नका. टेबलावर न्या."

डॉक्टर नको म्हणत असतानाही ते आमच्या खोलीत आले. स्टुलावर बसले, पाय दुसऱ्या स्टुलावर. ऑक्सिजनची बाटली टेबलाच्या कडेला ठेवली. तिच्यावर अजून पांढरं बर्फ होतं. मेजर, बलबीर, डॉक्टर, ड्रायव्हर, सगळे भिंतीला लागून उभे राहिले.

"उघडा, बाई."

मी दोऱ्या सोडल्या. माझ्या हाताने घातलेली एकेक घडी मी उलगडत गेले. पहिल्या सहा घड्यांत काही नव्हतं, आणि मला वाटायला लागलं, नसेलच, देवा, नसेलच. सातवी उचलली. दोऱ्यांच्या जुडग्यात, तीन दोऱ्यांचा वेढा बसलेली, पिशवी तिथे आरामात पडली होती.

मेजर पुढे आले, त्यांनी ती दोऱ्यांतून सोडवली, तळहातावर तोलली आणि अकरा पिशव्यांच्या ओळीच्या शेवटी ठेवली. बारा. मी टेबलाला धरून खाली बसले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.

साळोख्यांनी मला रडू दिलं. मग मांडीवरचा खिसा कसाबसा उघडून त्यांनी जांभळी पेन्सिल काढली आणि पिशवीशेजारी ठेवली.

"तुमची वस्तू."

थोड्या वेळाने ते बोलू लागले, टेबलाकडे बघत. "वर पाटी वाचली तवा मला हसू आलं बघा. म्हटलं, बाई परत घाबरली. पिशवी हाय की माझ्या खिशात. मग आठवंना, आज काय उचललं ते. हातमोज्यातनं दाबून बघितलं. छर्रे असू देत, छर्रे असू देत. लांबडं लागलं हाताला." सहाशे उड्यांत कुणी न पाहिलेली भीती त्यांच्या तोंडावर आत्ता, जमिनीवर बसल्यावर आली होती.

मग त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "लिहा, बाई."

मेजर म्हणाले, चौकशी होईल, तेव्हा सावकाश लिहू. साळोख्यांनी मान हलवली. आत्ताच, म्हणाले.

मी पेन्सिल उचलली आणि टोक जिभेला लावलं. तोंडात ओलच नव्हती. टोक कोरडं ते कोरडंच. बाटलीवरचं बर्फ वितळून टेबलावर थोडं पाणी जमलं होतं, तेहतीस हजार फुटांवरून आलेलं. त्यात टोक बुडवून मी माझ्या शाईतल्या बाराखाली लिहिलं: पिशव्या अकरा होत्या. ठाऊक असून बारा लिहिल्या. इंदुमती खटावकर.

पुढे मला वर्षभर घड्या घालायच्या कामावरून काढून फाटकी कापडं शिवायला बसवलं, आणि ते बरोबरच होतं. साळोख्यांची उडी हिशेबात धरली गेली नाही, कारण मोठं पॅराशूट उघडलंच नव्हतं. पाय बरा झाल्यावरही त्यांना सहा महिने विमानात पाऊल टाकू दिलं नाही. प्रत्येक पिशवीला लाल फीत लावून ती टेबलाला बांधायची पद्धत त्या दिवसानंतर आली.

पण त्या सकाळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. मी सही केली आणि कार्ड मेजरांकडे द्यायला उचललं, तर साळोख्यांनी हात पुढे केला. पेन्सिल त्यांच्या सुजलेल्या बोटांत राहीना, म्हणून मी माझ्या हाताने ती धरून ठेवली. माझ्या नावाखाली त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: ही सवय मी लावली. विश्वास साळोखे.

मग पेन्सिल त्यांनी सोडली, आणि मी ती दाराजवळच्या वहीत परत नेऊन ठेवली.